तुझी बटणं, माझी काळी खिडकी

वहिनी,

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात माणसं बसलेली असताना, एक जण फाटकाशी येऊन उभा राहिला. आत यावं की नाही हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. दादा उठून त्याच्याकडे गेला. तो माणूस खाली बघत हळूच म्हणाला, "भाऊ, आज इचारू नये, पन मेसेज नाही आला. फवाराले जावं का नाही जावं?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर देणारी घरात एकच बाई होती आणि तिला आम्ही आदल्या दिवशी पोचवून आलो होतो.

"नका जाऊ आज," दादा म्हणाला. वारा होता की नव्हता हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. अंगणात कडुलिंब आहे, पण त्याची पानं हलतात का हे मान वर करून बघायचंही आम्हाला सुचलं नाही.

मला रडू आलं नाही वहिनी. आत्या माझ्याकडे सारखी बघत होती, आता रडेल, मग रडेल. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की ओठ आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालंय. चहा दिला की पिते, हाक मारली की ओ देते. तुला खोटं सांगून कधी फायदा झाला नाही, म्हणून आहे ते सांगते.

आता पुढचं सगळं तुला माहीत आहे, तरी मला ते ओळीनं मांडू दे. माझं डोकं सध्या ओळीनं मांडलं तरच चालतं.

किसनकाका आपल्या शेतात फवारता फवारता बांधावर बसले आणि त्यांना डोळ्यांपुढचं दिसेना, ती दुपार. कपाशी त्यांच्या खांद्याला लागलेली, वारा समोरून, औषध उलटून तोंडावर, आणि तोंडाला नुसता रुमाल. दवाखान्यात नेलं, वाचले. पण तू त्या दिवसापासून गप्प झालीस. दादाचं कृषी केंद्र, औषध आपल्याच दुकानातलं, माणूस आपल्याच घरचा. काही दिवसांनी तू म्हणालीस, "औषध इकनं बंद कर म्हनत नाही मी. पन कोन्या दिवशी फवारू नये, हे तं सांगता येते ना आपल्याले?" यवतमाळच्या पॉलिटेक्निकमधून कंप्युटरचा डिप्लोमा घेऊन तू बोरी अरबला सून म्हणून आली होतीस, आणि इतकी वर्षं त्या डिप्लोम्याचा उपयोग लोकांचे फोटो बारीक करून फॉर्मला चिकटवण्यापुरता झाला होता.

मग ते वाऱ्याचे काटे आले. गोल फिरणाऱ्या तीन वाट्या, खाली डबी, डबीत सिमकार्ड. एक आपल्या शेतात, एक दारव्ह्याच्या वाटेवर, एक नेरकडच्या शाळेच्या छतावर आणि एक पार झरी जामणीकडे, तुझ्या माहेरच्या छतावर. दादा म्हणाला, इतक्या लांबचा कायले? तू म्हणालीस, "तिकडं कोनी मानसं फवारत नाही का?" आणि चौथा काटा तिकडे गेला.

आणि तुझा तो प्रोग्राम. मी तेव्हा पुण्याची नोकरी सोडून घरी येऊन पडले होते. का सोडली, आता पुढे काय, लग्नाचं काय, हे गावात सगळ्यांनी विचारून झालं होतं. तू एकटीनं विचारलं नाहीस. एके दिवशी जेवणाचं ताट उचलता उचलता म्हणालीस, "माह्या प्रोग्रामले कुठं अटक होऊन राह्यली, जरा पाहाय बरं." मी कंटाळत उठले. दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले ती संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. अटक अशी काही नव्हतीच फार, एक कंस बंद करायचा राहिला होता. तो तुला सापडला नसेल यावर माझा आजही विश्वास नाही. पण मी त्या दिवसापासून बरी होत गेले. आज यवतमाळात जी नोकरी करते ती त्या कंसापासून सुरू होते. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही, आपल्या घरात असं बोलायची रीत नाही.

त्या प्रोग्रामची खिडकी उघडली की तीन मोठी बटणं दिसायची: 'आन', 'पाहाय' आणि 'धाड'. पहिलं दाबलं की काट्यांवरची माहिती यायची, दुसऱ्यानं कुठं वारा किती, ऊन किती हे रंगीत चौकटींत दिसायचं, आणि तिसऱ्यानं लोकांच्या फोनवर मेसेज जायचा की आज फवारणी चालेल किंवा आज नको. मधेमधे तू प्रश्न विचारणाऱ्या लहान खिडक्या पेरल्या होत्यास. सगळ्या तुझ्याच भाषेत.

"वहिनी, सॉफ्टवेअर असं बोलत नसते वं," मी हसून म्हणाले होते.

"थे कोनासंगं बोलते? माह्यासंगंच ना? मंग मले समजीन असंच बोलीन."

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं, आणि ते मिटायच्या आत तू उठून गेलीस.

माझं म्हणणं साधं होतं. रोज सकाळी उठून तीच तीन बटणं त्याच क्रमानं माणसानं का दाबायची? ज्या काळ्या खिडकीत माऊस लागत नाही, नुसती एक ओळ टाइप केली की काम होतं, तिथून हा प्रोग्राम चालवता आला पाहिजे. एकदा ते जमलं की ती ओळ टाइप करायलाही माणूस नको. मशीनला सांगून ठेवायचं, रोज पहाटे ही ओळ चालव. तुझी खिडकी, तुझी बटणं तशीच राहतील, फक्त दुसरी एक वाट होईल.

"अन् काटा खोटं बोलला तं?" हे तुझं एकच पालुपद.

काटा खोटं बोलतो हे तूच पकडलं होतंस. तुझ्या माहेरचा वारा सकाळपासून शून्य, आणि आजूबाजूला सगळीकडे चांगला वारा. तू फोन लावलास. "माय, छतावर काय वाळू घातलं?" पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण तू पदर तोंडाला लावून हसायला लागलीस. तुझ्या आईनं काट्याच्या खांबाला दोरी बांधून साड्या वाळत टाकल्या होत्या आणि एका साडीचं टोक वाट्यांत गुंडाळलं गेलं होतं. आपल्याकडे छतावर उभा खांब दिसला आणि त्याला कोणी दोरी बांधली नाही असं होत नाही. यंत्र बनवणाऱ्यानं वादळ, पाऊस, वीज सगळ्याचा विचार केला होता, साडीचा केला नव्हता.

"मंग नियम घाल," मी म्हणाले. "एकाच ठिकाणी शून्य आलं तं प्रोग्रामनं इचारावं."

"कोनाले इचारीन?"

"तुले."

"मंग मी झोपून कशी राहीन वं?"

आणि विषय संपायचा. मी चिडायचे, तू कणीक मळायला घ्यायचीस. एकदा मी चिडून म्हणाले, "तू नसली तं कोन दाबीन मंग?" तू मान वर न करता म्हणालीस, "मी कुठं चालली? गेली तं जास्तीत जास्त नेरले जाईन."

नेरला गेलीसच होतीस एकदा, मावसबहिणीच्या लग्नाला. त्या सकाळी दादानं तुझ्या जागी बसून मोठा पराक्रम केला. दुकानात फोनवर बोलता बोलता त्यानं एंटर, एंटर, एंटर असं दाबत सगळे प्रश्न पार केले. चौकटी लाल होत्या, आणि गावोगाव मेसेज गेला की आज फवारणी चालेल. तू मांडवातून एकेकाला फोन करत सुटलीस. नवरीला हळद लागत होती आणि तू ओरडून सांगत होतीस की पंप उतरव आधी. कोणाला काही झालं नाही. परत आल्यावर तू नुसतं प्रोग्राम उघडून शेवटच्या प्रश्नाचं बटण काढून टाकलंस. तिथं आता उत्तर हातानं टाइप करावं लागायचं. दुकानाच्या कीबोर्डवर मराठी अक्षरांची स्टिकरं लावलीस आणि दादाला म्हणालीस, "आता दाब एंटर." दादा कितीतरी दिवस त्या खोलीत शिरला नाही.

आणि मग हा ताप. साधा ताप म्हणून तू स्वतःच गोळी घेतलीस, पोळ्याची तयारी करायची होती. पुढचं मी लिहीत नाही. ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि ते लिहून काही होत नाही.

तुझ्यामागे पहिल्या काही सकाळी मी बटणं दाबली. नंतर दादा म्हणाला, मी दाबतो. तो अंघोळ करून तुझ्या खुर्चीवर बसायचा, माऊसवर हात ठेवायचा आणि तसाच बसून राहायचा. मी दारातून बघायचे. 'आन' दाबायचा. चौकटी रंगायच्या. मग तो नुसता बघत राहायचा, जणू त्या चौकटींत वाऱ्याखेरीज आणखी काहीतरी येणार आहे. मेसेज जायचा तोवर उन्हं वर आलेली असायची आणि माणसं पंप पाठीला लावून केव्हाच शेतात शिरलेली असायची. आमच्या घरात जे झालं त्यानं त्यांच्या कपाशीवरची अळी थांबत नव्हती. कोणीतरी पुन्हा बांधावर बसेल आणि त्याला डोळ्यांपुढचं दिसणार नाही, हे मला दिसत होतं. भीती वाटायला हवी होती, तीही धड वाटत नव्हती. फक्त कळत होतं.

मी लॅपटॉप उघडला. आत्या भिंतीला टेकून बसली होती. कोणाला तरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "घरात सुतक, अन् पोरगी मांडीवर कंप्युटर घेऊन बसली." दादा म्हणाला, "बसू दे तिले." बस, एवढंच. त्यानं माझी बाजू घेतली याचं मला बरं वाटायला हवं होतं.

तुझा कोड मी पहिल्यांदा एकटीनं, शांतपणे वाचला. वहिनी, तू सगळं काम बटणांच्या पोटात भरून ठेवलं होतंस. काट्याला हाक मारणं, आकडे तपासणं, चौकटी रंगवणं, सगळं त्या एका 'आन'च्या आत. बटण दाबलं तरच ते जागं होणार, नाहीतर नाही. शिकवणाऱ्यांनी शिकवलं तसं सगळेच लिहितात, त्यात तुझी चूक नाही. पण काळ्या खिडकीत बटण नसतं. तेव्हा पहिलं काम हे की बटणांच्या पोटातून खरं काम बाहेर काढायचं, वेगळ्या जागी ठेवायचं, आणि बटणाला सांगायचं की तू आता फक्त तिकडे निरोप दे. मग काळ्या खिडकीतली ओळही तिथंच निरोप देईल. चुलीवरचा स्वयंपाक एकच, वाढणारे दोन.

तुझ्या माहेरच्या काट्याचं नाव तू कोडमध्ये 'माय' ठेवलं होतंस. मी ते बदलणार होते, असं नाव कोणी ठेवत नाही. मग बदललं नाही.

पहिल्यांदा काळ्या खिडकीतून ओळ चालवली तेव्हा काहीच झालं नाही. खाली रेघ लुकलुकायला लागली, जणू मी काही विचारलंच नव्हतं. कारण मला माहीत होतं. असे खिडकीवाले प्रोग्राम काळ्या खिडकीचा हात धरत नाहीत. ते आपले वेगळे उठून चालू लागतात आणि त्यांचं बोलणं इकडे पोचत नाही. त्यांना बांधून घ्यावं लागतं. त्यात एक दुपार गेली. मग तुझं मराठी दिसेना, नुसते चौकोन चौकोन. त्यात दुसरी गेली. खरं सांगू, त्या दुपारी मला बऱ्या गेल्या. समोर काहीतरी अडत होतं आणि ते का अडतं याला कारण होतं. घरात बाकी कशालाच कारण नव्हतं.

मग मशीनला सांगून ठेवलं, रोज पहाटे ही ओळ चालव, कोणाची वाट बघू नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज गेलाच नाही.

मी धावत मागच्या खोलीत गेले. प्रोग्राम चालू होता, बंदही पडला नव्हता, चुकलाही नव्हता. नुसता थांबला होता. शोधता शोधता कळलं. माहिती आणून झाल्यावर तू एक लहान खिडकी उघडायचीस: 'आनलं सगळं. डोळ्यानं पाह्य, मंगच ओके दाब.' मी कामं बाहेर काढताना ती खिडकीही कामाबरोबरच बाहेर आली होती. ती पहाटे उघडली होती. पण मशीन स्वतः प्रोग्राम चालवतं तेव्हा पडदा नसतो, त्यामुळे ती कोणाला दिसेल अशा जागी उघडलीच नव्हती. तू पहाटेपासून तिथं कोणाच्या तरी ओकेची वाट बघत उभी होतीस.

मला तिथं काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. मी प्रोग्राम बंद केला, हातानं बटणं दाबून मेसेज धाडला आणि तुझ्या लहान खिडक्या एकेक करून काढायला बसले.

खिडक्या काढल्या, शब्द काढले नाहीत. जिथं जिथं खिडकी उघडून तू थांबायला लावायचीस तिथं तेच शब्द काळ्या खिडकीत एका ओळीत छापले जातील आणि काम पुढे जाईल असं केलं. शेवटी मेसेज गेल्यावर येणारं तुझं वाक्य होतं, 'झालं. चा पी आता.' ते वाचताना मात्र मला तुझी सकाळ आठवली. तू दिवा लावून मागच्या खोलीत जायचीस आणि त्या वेळात तुला घरातलं कोणी हाक मारायचं नाही. आईसुद्धा नाही. उलट आईच चहा ठेवायची आणि कपावर बशी झाकून तुझ्या टेबलावर आणून ठेवायची. सासूनं सुनेला चहा नेऊन द्यायचा, हे आपल्या गल्लीत दुसऱ्या कोणत्या घरात होतं? तेवढा वेळ तू कोणाची सून नव्हतीस आणि कोणाची बायको नव्हतीस. मी म्हणत होते, मशीन करील, तू झोप. मला वाटत होतं, मी तुला आराम देतेय. तू काटा खोटं बोलतो एवढंच म्हणत राहिलीस. तेही खरंच होतं, पण तेवढंच होतं का, हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आता हे माझ्यापाशीच राहील.

संध्याकाळी दादाला सांगितलं, "उद्यापासून आपोआप जाईन मेसेज. तुले बसाची गरज नाही."

तो दुकानातली पोती लावत होता. थांबला. "तिची बटनं काढली का तू?"

"नाही. बटनं आहेतच. खिडकी उघडली तं सगळं पहिल्यासारखंच दिसीन. ही दुसरी वाट आहे फक्त."

"बरं." त्यानं आणखी एक पोतं लावलं. मग पाठ तशीच ठेवून म्हणाला, "मंग मी सकाळी काय करू?"

मी आत आले आणि पुन्हा लॅपटॉप उघडला, कारण दुसरं काही येत नाही.

एक प्रश्न तसाही उरलाच होता. तुझा तो शेवटचा, ज्याचं उत्तर टाइप करावं लागतं. एखादा काटा बाकीच्यांपेक्षा वेगळं बोलायला लागला की तो प्रश्न यायचा; भांडत भांडत तो नियम तू घातलाच होतास. माणूस समोर नसताना त्याचं काय करायचं? घाईत मी लिहून टाकलं होतं की उत्तर 'हो' धर आणि पुढे जा. सगळे असंच करतात. आता ते वाचलं आणि मला दादाचं एंटर, एंटर, एंटर आठवलं. मी दादाचीच चूक पक्की करून ठेवली होती, रोज पहाटे न चुकता होईल अशी. तू गेल्यावर तुझ्याशी भांडण हरले, वहिनी. तुला आवडलं असतं. कणीक मळताना मान वर केली असतीस बहुतेक.

मी ते बदललं. आता प्रोग्राम पहाटे आपोआप सुरू होतो, पण दुकानाच्या कंप्युटरवर, पडद्यावर दिसेल असा. सगळं सरळ असेल तर कोणाला त्रास न देता मेसेज धाडतो. शंका आली तर घंटी वाजवून काळ्या खिडकीत विचारतो आणि वाट बघतो. माणसं शेतात निघायच्या वेळेपर्यंत कोणी उत्तर दिलं नाही, तर 'आज फवारणी नको' असा मेसेज धाडून मोकळा होतो. फवारणी एक दिवस मागे पडली तर कपाशी मरत नाही.

"म्हंजे कधी कधी इचारीन थे," दादा म्हणाला.

"कधी कधी."

"मंग बसतो मी रोज. कवा इचारीन काय सांगाव."

पहिल्या काही सकाळी विचारलं नाही. वारा सगळीकडे सारखा होता. ओळी भराभर वर सरकायच्या, तुझ्या तोंडच्या, आणि मेसेज जायचा. दादा हात मांडीवर ठेवून बघायचा. माझी रजा संपत आली होती. ज्या दिवशी मला यवतमाळची बस धरायची होती त्या सकाळी मी पिशवी भरून त्याच्या मागे येऊन उभी राहिले, आणि घंटी वाजली.

काळ्या खिडकीत आलं: 'नेरच्या शाळेवर वारा लयच कमी दिसून राह्यला. बाकी सगळीकडं हाय. खरं वाट्टे का तुले?'

खाली रेघ लुकलुकत होती. मी दादाला घाई केली नाही. मग त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटानं टाइप करू लागला. एकेक अक्षर शोधत, मधेच खोडत. 'हो' किंवा 'नाही' लिहायला इतका वेळ लागत नाही. मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

त्यानं लिहिलं होतं, 'तू नाही तं मले काहीच समजून नाही राह्यलं.'

मी त्याला थांबवायला हवं होतं, असं उत्तर तिथं चालत नाही. त्यानं एंटर दाबलं.

मग खाली दुसरी ओळ आली:

'हो का नाही, एवढंच सांग. बाकीचं मंग बोलू.'

ही ओळ मी कधी पाहिली नव्हती. तुझे सगळे शब्द मी एकेक करून हलवले होते, पण ही ओळ त्यांच्यात नव्हती. उत्तर तपासायची जागा पार खाली होती आणि तिथं मी हातच लावला नव्हता. कोणी भलतंच काही टाइप केलं तर काय म्हणायचं, ते तू कधीच लिहून ठेवलं होतंस. आजवर कोणी भलतं टाइप केलं नव्हतं.

दादानं खिशातून फोन काढला आणि शाळेच्या शिपायाला लावला. "जरा बाहेर निंघ बरं भाऊ. झाडाचे पानं हालून राह्यले का?" तिकडून काय आलं ते तो ऐकत राहिला, हं हं करत. मग फोन ठेवला, "पानं तं हालून राह्यले," म्हणाला आणि टाइप केलं: 'नाही'.

'आज फवारणी नको' असा मेसेज गेला. वेळेवर गेला, वहिनी, माणसं घराबाहेर पडायच्या आत.

माझी बस चुकत होती. दादा उठला नाही. त्यानं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून, साधं काहीतरी सांगावं तसं, म्हणाला, "मंग बोलू म्हन्ते."

मी हो म्हणाले.